पाच बोटांचं पुरळ

एकदऱ्याच्या कोळीवाड्यात आवडाबाईच्या हळदीला जो मान होता, तो मुरुडच्या फौजदाराच्या पट्ट्यालाही नव्हता. तिनं कुटलेली हळद नवरदेवाच्या अंगावर चढली की तो अंधारात कंदिलाशिवाय दिसायचा म्हणे. एकदा असाच एक हळद लागलेला नवरदेव किनाऱ्यावर वारा खात उभा राहिला, तर जंजिऱ्याकडून येणाऱ्या दोन मचव्यांनी त्याला दीपस्तंभ समजून सुकाणू फिरवलं आणि ते थेट श्रीवर्धनला जाऊन लागले. ही गोष्ट सांगणारे पुष्कळ भेटतात, त्या मचव्यात बसलेला मात्र अजून कोणी भेटलेला नाही. तो भेटेपर्यंत गोष्ट खरी धरायला कोणाची हरकत नसावी.

हळद कुटायची ती आवडाबाईनं, लग्नाची गाणी म्हणायची ती आवडाबाईनं आणि कुठल्या वेळी कुठली रीत करायची तेही तिनंच सांगायचं. भटजीसुद्धा मंगलाष्टकं सुरू करण्याआधी एकदा तिच्या तोंडाकडे बघून घेत. तिनं मान हलवली की मगच त्यांचा आवाज लागे. डाव्या हाताची तिची करंगळी वाकडी होती. लहानपणी सुरमईच्या काट्यानं ती जी दुखावली, ती कायमची बाहेरच्या अंगाला वळली. त्यामुळे तिनं कोणाच्या पाठीवर हळदीचा पंजा मारला, तर तो सही केल्यासारखा ओळखू यायचा.

या खेपेला लग्न घरचंच होतं. तिचा थोरला भाऊ बाळाजी तांडेल, त्याचा एकुलता एक मुलगा मोरू. मोरू रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. आवडाबाईला स्वतःचं मूल नव्हतं. तिनं भाच्याला उचलून कडेवर घेतलं, ते त्याचे पाय जमिनीला घासायला लागले तेव्हाच खाली ठेवलं. मुलगीही तिनंच शोधली, खाडीपलीकडच्या दिघीच्या भागोजी नाखव्याची कोकिळा. पोरगी गोड होती, भागोजी गरीब गाय होता. पण त्याची बायको मनुबाई अशी, की कोयता न घेता नुसत्या जिभेनं पापलेट चिरील. लग्न ठरवताना तिनं सांगून ठेवलं होतं की कोर्लईचं एक स्थळ अजून आमच्या उंबऱ्याशी बसलेलं आहे. एकदऱ्यात एवढीशी खोट दिसली तर आम्ही त्याला आत बोलावू. त्यात मुहूर्त वैशाखातला अगदी शेवटचा. तो हुकला की होड्या किनाऱ्यावर शाकारायच्या आणि पुढचं बोलणं दिवाळीनंतर. तोवर कोर्लईवाला काय उंबऱ्यावर शेवाळं धरून बसणार होता?

परवाच्या रात्री मोरूला हळद लागली. या वेळी तिचा रंग काही वेगळाच चढला होता, गडद, जरासा तपकिरी. बाया बघतच राहिल्या. आवडाबाईही फुगली आणि हे माझ्या हाताचं कसब आहे म्हणून सांगत सुटली. नवऱ्याला लावून उरलेली वाटीभर उष्टी हळद रिवाजाप्रमाणे दिघीला नवरीसाठी रवाना झाली. लग्न उद्या संध्याकाळी होतं.

आणि आज सकाळी मोरूनं आतल्या खोलीतून हाक मारली. आत्ये, रात्री माझ्या तोंडावरून कोण चालत गेलं का, असं तो विचारत होता.

आवडाबाई कंदील घेऊन आत गेली आणि कंदील तसाच खाली ठेवला. मोरूचे कान मुरुडच्या बेकरीतल्या पावासारखे फुगले होते. गाल, मान, दंड, नडग्या, सगळं लालभडक होऊन त्यावर बारीक पुरळ उठलं होतं. खाज तर अशी, की पोरगा मांडवाच्या बांबूला पाठ घासायला लागला आणि दुपारपर्यंत तो बांबू इतका गुळगुळीत झाला म्हणे, की त्यावर चढलेली मुंगी घसरून खाली यायची.

शेजारणी जमल्या. घरात दुखणं आलं की शेजारणीला औषध सुचायला वेळ लागत नाही. एक म्हणाली पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. दुसरीनं दृष्ट काढली आणि मिरच्यांच्या धुरानं सगळ्यांनाच खोकायला लावलं. तिसरी चुना घेऊन आली होती, तिला आवडाबाईनं दारातूनच वाटेला लावलं. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. अंगावर काहीही उठो, त्यावर हळदीसारखं दुसरं औषध नाही. आणि घरात साक्षात आवडाबाईची हळद भांडंभर उरलेली असताना दुसरीकडे जायचं कशाला? सगळ्यांनी मिळून मोरूला पुन्हा माखला, गेल्या खेपेपेक्षा जाड.

जेवणवेळेपर्यंत त्याचा एक डोळा मिटला.

तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी हळूच म्हणाली, "ही देवी तर न्हाय ना गो?"

स्वराज्य येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, टोचायला येणारी माणसं गावोगाव फिरत होती, तरी देवीचं नाव घेतलं की कोळीवाड्याच्या अंगावर काटा यायचा. घरात देवी आली म्हणजे ढोल बंद, तळण बंद, दाराला लिंबाचा टहाळा, आणि लग्न तर त्या घराकडे बघायचंही नाही. पाटलाला वर्दी गेली की मग ती खाडीपलीकडे जायला होडी लागत नाही, वाराच नेतो.

आवडाबाईनं उभ्या-उभ्या सगळ्या बायांना बाहेर काढलं. नवरदेवाला झोप हवीय असं सांगून दार लावून घेतलं आणि स्वतः दाराला पाठ लावून बसली. बाहेर मांडवात पताका फडफडत होत्या. आत मोरू एका डोळ्यानं तिच्याकडे बघत विचारत होता, कोकिळेला कळलं तर ती नको म्हणेल का. आवडाबाईनं त्याचा गालाकडे निघालेला हात धरला. ती नुसतीच म्हणाली, तू खाजवू नको.

एवढ्यात दिघीहून निरोप्या आला. मनुबाईनं कळवलं होतं, की आमच्या घराण्याची जुनी रीत आहे, अंतरपाट सुटेपर्यंत नवरीचं तोंड सासरच्या कोणी बघायचं नाही. तेव्हा उद्या सकाळी साडी घेऊन आत्याबाईंनी यायची तसदी घेऊ नये, साडी निरोप्याकडेच द्यावी. नवरीच्या मुंडावळ्याही दुहेरी असतील.

असली रीत दिघीत आवडाबाईनं उभ्या जन्मात ऐकली नव्हती. एरवी तिनं त्या निरोप्याला उलटा टांगून खरं काय ते काढून घेतलं असतं. पण आज तिला देवच पावला. तिनं तोंड गंभीर करून उलट निरोप दिला, की वा, काय योगायोग, आमच्याकडेही तीच रीत. नवरदेवाच्या मुंडावळ्या तिहेरी असतात आणि बेंबीपर्यंत येतात. निरोप्या मान डोलवत गेला. त्या दोन्ही जुन्या रितींचं वय तेव्हा तासाभराचंही नव्हतं.

त्याच्या पाठोपाठ काळूराम ढोलवाला आला. माणूस थोराड, ढोलापेक्षा पोट मोठं, आणि एरवी सदा हसतमुख. आज मात्र तो अंगणातच सदरा काढून उभा राहिला आणि कुरकुरायला लागला, की पाठीला आग लागलीय, बायको हसतेय आणि सांगत काहीच नाही, आता तुम्हीच बघा. त्यानं पाठ फिरवली.

काळूरामाच्या काळ्याभोर पाठीच्या मधोमध एक लाल पंजा उठला होता. पाचही बोटं वेगळी. अंगठा वर, आणि करंगळी बाहेरच्या अंगाला वळलेली.

आवडाबाई बघत राहिली. मग तिनं आपला डावा हात उचलला आणि हळूच त्या पंजावर ठेवला. बोटाला बोट लागलं, वाकड्या करंगळीला वाकडी करंगळी लागली. परवाच्या रात्री ढोल रंगात आला होता तेव्हा तिनंच मागून जाऊन त्याच्या उघड्या पाठीवर हळदीचा पंजा मारला होता. काळूराम ओरडला, की आता दुसरा नको, हाच पुरे. पण तिचं लक्ष नव्हतं.

"देवी काय पाच बोटं मोजून उठती व्हय?" ती म्हणाली.

ती तशीच आत वळली. मोरूच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार. सकाळपासून ताप नाही, की अंग दुखत नाही. उलट खाज सोसत-सोसत पोरानं सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर भाकऱ्यांची चांगली चवड संपवली होती. देवी अंगात शिरलेला माणूस असा जेवतो का? मग तिनं पुरळ नीट बघितलं. गालावर होतं, जिथं सवाशिणींनी हळद लावली तिथं. पोटरीवर होतं, पण धोतराच्या आत मांडीवर काही नाही. पाठीवर तर पट्टेच्या पट्टे, जसे बायांचे हात फिरले होते तसे. तेवढ्यात तिला आठवलं, की आपल्याही बोटांच्या बेचक्यांत सकाळपासून खाजतंय. ते तिनं मीठ लावलेल्या मासळीवर ढकललं होतं. म्हणजे दोष हळदीतच होता. तिच्या हळदीत!

आपल्या हळदीत खोट आहे हे मानायला आवडाबाईला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात भरतीची ओहोटी झाली असती. पण मानल्यावर तिचं डोकं भराभर चालायला लागलं. हळकुंडं घरची, पाणी विहिरीचं, उखळ तिचं, मुसळ तिचं. मग सगळ्यांना उठलं आणि बाळाजीला का नाही? भावाला तर तिनं ओंजळभर हळद फासली होती. त्या रात्री तो होडीच्या कामावरून तसाच उठून आला होता आणि त्याच्या अंगाला खोबरेल तेलाचा असा वास मारत होता की हळद खाली घसरत होती.

ती तडक पुळणीवर गेली. बाळाजी नव्या होडीच्या बुडाशी उकिडवा बसला होता. मुलाची वरात याच होडीतून दिघीला न्यायची म्हणून त्यानं महिनाभर तिच्यावर जीव टाकला होता. त्याचे हात काळे झाले होते.

"दादा," आवडाबाई म्हणाली, "गेल्या आठवड्यात माझं मुसळ कुठं होतं?"

बाळाजीनं आधी समुद्राकडे बघितलं, मग होडीकडे. म्हणाला, उखळ मी राखेनं घासून, वाळूनं घासून, पुन्हा राखेनं घासून जागच्या जागी ठेवलं होतं.

"उखळ न्हाय इचारलं. मुसळ."

"मुसळ," बाळाजी म्हणाला, "खाडीत बुचकळलं व्हतं."

मग सगळं बाहेर आलं. होडीच्या लाकडाला किडा लागू नये म्हणून बुडाला बिब्ब्याचं तेल द्यायचं असतं. त्यासाठी टोपलीभर बिब्बे कुटायचे होते, आणि बहिणीचं उखळ दारातच होतं. दगडाचं उखळ घासून निघालं. पण लाकडाचं मुसळ बिब्ब्याचा काळा, कातडं जाळणारा रस पिऊन बसलं होतं आणि पुढच्या आठवड्यात हळद कुटताना त्यानं तो घोटभर-घोटभर परत दिला. गडद रंगाचं कसब ते हेच! बाळाजी बापानं शिकवल्याप्रमाणे बिब्ब्याला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळायचा, म्हणून त्याचं कातडं सुटलं होतं.

"बिब्बा उतलाय पोराच्या अंगावर," आवडाबाई म्हणाली. भावाला काय-काय बोलायचं ते तिनं तिथेच मनात रचून ठेवलं, आणि पुढं वर्षभर ते हप्त्याहप्त्यानं बोलून घेतलं. आत्ता वेळ नव्हता.

पहिलं काम म्हणजे ती हळद अंगावरून काढणं. पण हळद लागलेल्या नवऱ्यानं लग्नाच्या न्हाणापर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही ही रीत, आणि ती मोडली तर अपशकुन. बाया अंगणात उभ्याच होत्या. आवडाबाईनं एकवार त्यांच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि जाहीर केलं, की नवी होडी पाण्यात घालणाऱ्या तांडेलाच्या मुलाला लग्नाच्या आदल्या दिवशी दर्याच्या मानाचं वेगळं न्हाण घालायचं असतं. ही रीत तुमच्या आज्यांना ठाऊक होती, तुमच्या आया विसरल्या. बायांनी एकमेकींकडे बघितलं. आपल्या आज्जीची रीत ठाऊक नाही असं कोण कबूल करणार? एकजण तर म्हणाली, माझी आज्जी सांगायची खरं.

मग विहिरीच्या गोड्या पाण्याच्या घागरीवर घागरी आल्या. गार पाणी, गरम अजिबात नाही. चोळायचं नाही, घासायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं. आधी तोंडावरून, डोळे मिटून, आणि अंगाला साबणाचा हलका फेस. मोरूची हळदीनं भरलेली धोतरं, पांघरूण, पाटावरचं कापड, सगळं वेगळं काढून धुवायला गेलं. जुन्या मऊ लुगड्याच्या फडक्यानं त्याला टिपून कोरडा केला. ताज्या खोबरेलाचा पातळ हात फिरवला, डोळ्यावर गार पाण्याची घडी ठेवली, नखं कापली, आणि तरी हात शिवशिवायला लागले तेव्हा दोन्ही हातांत एकेक नारळ दिला, म्हणाली हे सुटले तर तू आणि मी. उरलेली हळद तिनं भांड्यासकट वाळूत खोल पुरली. खाडीत टाकली असती तर उद्या जाळ्यात पिवळे बोंबील खाजवत वर आले असते. मुसळ चुलीत घालायला निघालेल्या बाळाजीला तिनं अडवलं, कारण बिब्ब्याचा धूर डोळ्यांत गेला तर सगळं वऱ्हाडच आंधळं व्हायचं.

एवढं करूनही ती मोरूच्या उशाशी बसून राहिली. तिनं भावाला सांगून ठेवलं, की याला धाप लागली, जीभ सुजली, का ताप चढला, तर लग्न गेलं चुलीत, होडी सरळ मुरुडच्या दवाखान्याला लागली पाहिजे. बाळाजी वल्हं मांडीवर घेऊन दारातच बसला. पण उन्हं कलली तशी मोरूच्या डोळ्याची फट उघडली. खाज होतीच, लाली होतीच. पण कानांचे पाव बसायला लागले होते. आवडाबाईनं श्वास सोडला.

आणि अर्ध्यावरच अडवून धरला.

उष्टी हळद! वाटीभर, याच भांड्यातली, दिघीला गेलेली. आणि दिघीची ती जुनी रीत, नवरीचं तोंड न दाखवायची. मनुबाईच्या दुहेरी मुंडावळ्यांच्या आड काय असेल ते तिला इथं बसून दिसलं.

बाळाजीच्याही ध्यानात आलं. त्याचं म्हणणं होतं, की आता गप्प बसावं. दोघंही मुंडावळ्यांच्या आड आहेत, उद्या अक्षता पडू देत, मग काय सांगायचं ते सांगू. खोट कोणाची हे कोणालाच कळणार नाही, आणि तुझ्या हळदीचं नाव राहील. सल्ला काही वाईट नव्हता. आवडाबाईचं सगळं आयुष्य त्या नावावर उभं होतं. आज ती जाऊन बोलली, तर मनुबाईच्या हातात जन्मभर पुरेल एवढा कोयता द्यायचा होता. आणि तिच्या मनात आलं तर कोर्लईवाल्याला आत बोलावायला तिला कारणही मिळत होतं.

मोरू आतून सगळं ऐकत होता. हातातले नारळ न सोडता तो म्हणाला, "आत्ये, ते तिच्या तोंडाला अजून हळदच लावत असतील."

आवडाबाई उठली.

जंजिऱ्याच्या तटाला वळसा घालून लहान होडी दिघीच्या खडकाला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. होडीत बाळाजी, काळूराम, करंडीभर नारळ आणि खोबरेलाची बरणी. भागोजी नाखव्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, आणि त्याच्या आड, मुद्दाम बघितल्याशिवाय दिसू नये असा, लिंबाचा एक टहाळा खोचलेला होता. ढोल गप्प होता. तळणाचा वास नव्हता.

मनुबाई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. दोन्ही हात पदराखाली. रीत सांगून पाठवली होती ना, असं तिनं ऐकवलं. एकदऱ्याच्या लोकांना निरोप समजत नाही का वारा कानात भरतो, हेही विचारलं. आवाज नेहमीचा धारेचा होता, पण डोळे रडून सुजलेले होते.

आवडाबाईनं वाद घातला नाही. तिनं काळूरामाला सदरा काढायला सांगितलं आणि पाठमोरा उभा केला. मग आपला लाल झालेला डावा हात दिव्यासमोर धरला, वाकड्या करंगळीसकट.

"इहीणबाय, तुमच्या घरात देवी न्हाय. माझ्या हळदीत बिब्बा व्हता. मोरूलाबी उठलंय, मलाबी. खोट माझ्या मुसळाची हाय. ती हळद आधी धुवून काढा, मग मला काय बोलायचं ते बोला."

मनुबाईनं पाठीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग सावकाश पदराखालून आपले हात बाहेर काढले. तळव्यापासून मनगटापर्यंत लाल. सकाळपासून ती पोरीच्या तोंडाला तीच उष्टी हळद लावत होती, थर वाळला की दुसरा, आणि देवीला नवस बोलत होती.

ती उंबऱ्यातच बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करायला लागली. भागोजी आतून धावत आला, कारण लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायकोचा हा आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"बिब्बा!" मनुबाई म्हणाली. "आन म्या मेली देवीला सोन्याचे डोळे बोलून बसले."

त्यानंतर पाण्याच्या घागरी निघाल्या. कोकिळा बाहेर आली तेव्हा तिचे गाल दोन कवठांसारखे होते, पण डोळे हसत होते. एकदऱ्यालाही तसंच आहे हे कळल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, कोणाचं जास्त आहे. आवडाबाईनं तिला गार पाण्यानं हळूहळू धुतली, टिपली, तेलाचा हात फिरवला. आणि नवस कसा फेडायचा याच्यावरही मार्ग काढला, की देवी आलीच नव्हती तर देवीनं काय बरं केलं? नारळ पुरे.

निघताना उद्याच्या लग्नाचं काय, हे तिनं मनुबाईला विचारलं नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही. पण मनुबाईनंच होडीपर्यंत येऊन सांगितलं. म्हणाली, कोर्लईचा निरोप्या आज दुपारीच येऊन गेला, दाराचा टहाळा बघितला आणि उंबऱ्यावरून उडी मारून पळाला. "तू टहाळा बघूनबी आत आलीस. उद्या येळेवर या. आन ते मुसळ घरी ठेवून या."

दुसऱ्या दिवशी नवी होडी पाण्यात पडली, पताका लावून, काळूरामाच्या ढोलासकट. काळूरामानं सदरा घातलाच नाही. दिघीतलं एकेक माणूस त्याच्या पाठीमागं जाऊन पंजाला आपला हात लावून बघत होतं, आणि तो प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगत होता. संध्याकाळपर्यंत तो पंजा जंजिऱ्याच्या पीराचा झाला होता.

भटजींनी आवडाबाईकडे बघितलं, तिनं मान हलवली, मंगलाष्टकं झाली. अंतरपाट सुटला. मुंडावळ्या आधीच ठरवून एकेरीच ठेवल्या होत्या. मोरूनं कोकिळेकडे बघितलं, कोकिळेनं मोरूकडे. दोघंही टोमॅटोसारखे लाल, एकाचा डावा गाल सुजलेला, एकीचा उजवा, जशी एकाच साच्यातून काढलेली जोडी. कोकिळेला आधी हसू फुटलं. मोरूनं आवरायला बघितलं आणि त्याच्या हातातली माळ भटजींच्या गळ्यात पडली. भटजींनी ती निमूट काढून परत दिली.

मग बायांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. कोकिळेनं खाली बघितलं, गालावरची खाज बोटानं नुसती दाबली, खाजवली नाही, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"फोडावर लावलं खोबरेल, हळदीवर घातलं पाणी,
मोरूरावांचं नाव घेते, लाल राजाची लाल राणी!"

मांडव असा हसला, की पुळणीवर वाळत घातलेला जवळा उडून थेट आगरदांड्याला पडला. तिथल्या लोकांनी तो गोळा करून खाल्ला आणि आभाळातून मासळी पडल्याचं अजून सांगतात.

एकदऱ्यात तेव्हापासून नवरदेवाला दर्याच्या मानाचं न्हाण घालतात. ही रीत फार जुनी असल्याचं तिथली कोणतीही म्हातारी शपथेवर सांगेल. हळदीचं मुसळ वेगळं असतं आणि ते कोणी मागितलं तरी देत नाहीत. ते जुनं, बिब्बा प्यालेलं मुसळ बाळाजीनं नव्या होडीच्या आत आडवं ठोकून टाकलं; त्या होडीला किडा कधी लागला नाही, आणि त्या मुसळावर बसायला कोणी धजतच नसल्यामुळे तिच्यात गर्दीही कधी झाली नाही.

त्या रात्री पंगती उठल्यावर दोघी विहिणी मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. मध्ये खोबरेलाची वाटी, तिच्यात दोघींचे हात. मनुबाईनं आवडाबाईचा डावा पंजा आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि बोटांच्या बेचक्यांत हलकं तेल सोडायला लागली. वाकड्या करंगळीपाशी आल्यावर ती थांबली.

"माझ्या धाकटीच्या लग्नाला हळद तूच कुटायची," ती म्हणाली. "पण म्या समोर बसणार."

आवडाबाईनं हात काढून घेतला नाही. म्हणाली, बस की, मुसळाला दोघींचे हात बरे पडतात.